बिननुक्त्याचं नाव

ज्वारी काढणीला आली की ते आधी नाकाला कळतं, पंचांगाला नंतर. पौष सरत आलेला असतो. सकाळी अंगावर घेतलेली शाल नऊ वाजेपर्यंत जड वाटायला लागते, आणि अशाच एखाद्या सकाळी वाऱ्याबरोबर वाळत्या धाटांचा तो गोडसर, धुळकट वास येतो. आता मी धाराशिवात राहतो, दोन खोल्यांच्या घरात. नखात माती जाऊन तीस वर्षं झाली. तरी तो वास आला की पाय घरात ठरत नाहीत. मी पिशवी घेतो आणि एसटी स्टँडकडं निघतो. तिथं येरमाळ्याकडच्या बाया टोपलीत हुरडा घेऊन बसलेल्या असतात. "तोंडात दात नाहीत, हुरडा कशाला?" असं बायको दरवर्षी विचारते. "वास घ्यायला दात लागत नाहीत," असं मी दरवर्षी सांगतो. आमचा संसार असल्या ठरलेल्या बोलण्यावरच टिकून आहे.

यंदाची सुगी मात्र एक भांडण घेऊन आली. वाचनालयात रोज सकाळी आम्ही चार-पाच पेन्शनर पेपरची पानं वाटून घेऊन वाचतो. त्या दिवशी एका पानावर सुरक्षेच्या कायद्याची बातमी होती. देशाला धोका आहे असं वाटलं तर सरकारनं माणसाला कशाच्या आधारावर आणि किती दिवस आत ठेवावं, असा तो मामला. एक जण म्हणाले, सरकारच्या हातात काठी हवीच, नाहीतर गुरं पिकात शिरतात. दुसरे म्हणाले, एकदा दिलेली काठी परत मिळत नाही. कोर्ट, विधानसभा, पेपर ही सगळी बुजगावणी, पाखरं दोन दिवसांत त्यांच्या डोक्यावर बसतात. आवाज चढले. मग दोघंही माझ्याकडं वळले. "मास्तर, तुम्ही निजाम पाहिलेला माणूस. तुम्ही सांगा. असल्या सत्तेला लगाम लागतो का?"

मी म्हणालो, "चहा निवतोय."

ती पळवाट होती, कबूल आहे. पण माझ्याकडचं उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं. त्याला धाटांचा वास होता, पिंजलेल्या कापसाचे तंतू चिकटलेले होते, आणि त्यात माझी स्वतःची एक लबाडी होती. ती मी वाचनालयात आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेन. येरमाळ्यापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. राज्य निजामाचं आणि राज्याचा सगळा कागद उर्दूत. समन्स उर्दूत, दाखला उर्दूत, दवंडीचा मजकूरसुद्धा आधी उर्दूत यायचा आणि मग मराठीत ओरडला जायचा. गावात उर्दू वाचणारे दोघंच, एक पटवारी आणि एक मी. पटवारी कायम कळंबला असायचा. त्यामुळं वासरांत लंगडी गाय शहाणी, या न्यायानं गावाचे सगळे कागद माझ्याकडं यायचे. मी कानावर पेन्सिल ठेवून हिंडत असे. शाळेत तिचं फारसं काम पडत नसे, पण कानावर पेन्सिल असली की लोक वाट सोडतात, हे मला फार लवकर कळलं होतं.

उर्दू लिपीची एक गंमत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिच्यात बरीच अक्षरं अंगानं सारखी असतात. त्यांना वेगळं करतात ती टिंबं, म्हणजे नुक्ते. एक बारीकसा उंचवटा काढून खाली टिंब दिलं की तो 'ब', वर दिलं की तोच 'न'. म्हणून 'बाबा' आणि 'नाना' ही नावं उर्दूत जुळ्या भावांसारखी दिसतात. टिंबं खाली तर बाबा, वर तर नाना. कचेरीतले कारकून घाईघाईनं लिहिताना टिंबं खाऊन टाकत आणि वाचणाऱ्यानं ती मनानं घालून घ्यायची असत. एरवी त्यात काही बिघडत नसे. मागचंपुढचं वाचून माणूस शब्द ओळखतो. नावाला मात्र मागंपुढं काही नसतं.

आमच्या गावात एक बाबा होता आणि एक नाना होता.

बाबाभाई पिंजारी होता. थंडी हीच त्याची सुगी. कुणाच्या तरी ओसरीला त्याची ती मोठी कमान आढ्याला टांगलेली असायची आणि तिच्या तातीवर लाकडी मोगरी बसली की तुंऽई-तुंऽई असा आवाज गल्लीभर घुमायचा. शाळेतली पोरं त्या तालावर पाढे म्हणत. मी रागावायचं सोडून दिलं होतं. संध्याकाळी तो घरी निघाला की भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पांढरं झालेलं असायचं. पस्तिशीतला माणूस सत्तरीचा दिसायचा. घराच्या उंबऱ्यावर तो अंग झटकायचा आणि पुन्हा तरुण होऊन आत जायचा.

नाना शेतकरी. कोरडवाहू रान, दोन बैल, आणि आवाज असा की तो खळ्यात शिंकला तर चावडीवरचे लोक "जिवंत राहा" म्हणायचे. दरवर्षी नाना बाबाभाईकडून एक गादी नाहीतर रजई भरून घ्यायचा आणि दरवर्षी म्हणायचा, "कापूस कुठं गेला रं? रजई हाय का फडकं हाय हे?" बाबाभाई सुई न थांबवता म्हणायचा, "तुमच्या बोलन्यात गर्मी लई हाय नाना, म्हून कापूस कमी लावला." हे सगळं ऐकायला लोक मुद्दाम थांबत.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची सुगी होती. शेवटची आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. बार्शीची हद्द जवळच. हद्दीपलीकडं स्वातंत्र्य आलं होतं आणि अलीकडं आम्ही होतो. तिकडून इकडं निरोप येत, इकडून तिकडं माणसं जात, आणि सरकारला प्रत्येक बाभळीमागं दुष्मन दिसत होता. गावाला मात्र ज्वारी दिसत होती. त्या वर्षी पीक असं आलं होतं की उभ्या रानात माणूस हरवावा. धाटं उपटताना तळहाताला चिरा पडत. मुळांची माती पायाच्या अंगठ्यावर झटकायची, धप्प, धप्प, आणि पेंढी आडवी टाकायची. बांधाकडच्या करडईचे काटे पोटऱ्यांना बोचकारत. दुपारी कुठंतरी आगटी पेटलेली असे आणि हुरड्याचा धूर रानावर निळा पसरलेला असे.

अशा एका सकाळी जमादार दोन शिपाई घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. वाचता न येणारा होता. त्यानं चावडीवर मला बोलावलं आणि कागद पुढं केला. "पढो मास्तर."

कागदात चार ओळी होत्या. 'मुसम्मी' अमुक, म्हणजे अमुक नावाचा इसम, राहणार अमुक गाव, याच्यापासून सरकारला धोका असल्याचं कळतं, सबब पकडून हजर करावं. बापाचं नाव नाही, धंदा नाही. आणि जिथं नाव होतं तिथं एकही नुक्ता नाही.

"नुक्ते नइं हैं जमादारसाब," मी म्हणालो. "बाबा भी हो सकता, नाना भी." हे सांगताना मला थोडी ऐट वाटत होती, खोटं कशाला बोलू? लिपीतली बारीक अडचण सगळ्या गावासमोर मी दाखवून दिली होती.

जमादारानं मिशीवरून हात फिरवला. तो विचार करायला लागला की ते बाहेरून दिसायचं. मग म्हणाला, "तो फिर दोनों कू ले लेव."

नानाला खळ्यातून उचललं, बाबाभाईला पाटलाच्या ओसरीवरून. एकाच्या अंगावर भुसा, दुसऱ्याच्या अंगावर कापूस. माझ्या हुशारीनं एकाच्या जागी दोघं गेले.

लोकांनी मला विचारलं, "मास्तर, कुणाला इचारावं?" मी विचार करू लागलो. जमादाराच्या वर अमीन. अमीनाच्या वर त्याचा साहेब. त्याच्या वर तालुकदार, तालुकदाराच्या वर सुभेदार, आणि सगळ्यांच्या वर साक्षात सरकार, ज्याच्या नावानं तो कागद निघाला होता. म्हणजे पायऱ्या पुष्कळ, पण सगळ्या एकाच माडीच्या. कितीही चढलं तरी त्याच घरात. ज्यानं पकडलं त्याच्याहून वेगळ्या कुणाचं दार वाजवावं, असं दारच त्या गावात, त्या तालुक्यात, त्या राज्यात आम्हाला दिसत नव्हतं.

महिनाभरानं दोघं परत आले, पायी. काय विचारलं, असं गावानं विचारलं. नाना म्हणाला, "काय बी न्हाय. सकाळी नाव इचारायचे, सांजच्याला नाव इचारायचे. म्या नाना म्हणायचो, ह्यो बाबा म्हणायचा. ते म्हणायचे, बरं." मग बाबाभाईकडं बोट दाखवून म्हणाला, "आन् एकच घोंगडं हुतं. ह्यो पठ्ठ्या सगळं वडून घ्यायचा." लोक हसले. नानाची बायको हसली नाही. तिनं एकटीनं बाकीची ज्वारी काढली होती आणि तिच्या तळहातांवरच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या.

भाद्रपदात, गणपती उठायच्या सुमाराला, निजामाचं राज्य गेलं. चावडीवर तिरंगा लागला तेव्हा मी रडलो होतो, त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण पुढचे काही दिवस आठवले की मान खाली जाते. राज्य हैदराबादेत बसलेलं होतं आणि लोकांना त्याचा राग काढायला शेजारचं मुसलमानाचं घर सापडलं. आजूबाजूच्या काही गावांत जे झालं ते लिहायला माझा हात धजत नाही. आमच्या गावात झालं नाही, कारण नानानं बाबाभाईचं सगळं घर आठ दिवस आपल्या घरात ठेवलं आणि स्वतः दारात बसून राहिला. कुणी काही बोललं की म्हणायचा, "महिनाभर एका घोंगड्यात काढलाय आमी. तुमी इचारून या त्याला, माज्या अंगाला कसला वास येतोय." असं बोलल्यावर माणसं हसत, आणि हसलेली माणसं मागं फिरत.

ज्वारी पुन्हा पिकली. तिला राज्याशी काय देणंघेणं? धाटं वाळली, करडई पिवळी झाली, बाबाभाईची कमान पुन्हा वाजू लागली. शाळा आता मराठी झाली होती. पोरं 'ग गवताचा' म्हणत होती आणि मी त्यांच्या बरोबरीनं पुन्हा नव्यानं मास्तर होत होतो.

आणि पुन्हा सकाळीच जीप आली.

या वेळी लष्कराचा एक हवालदार होता, दूर उत्तरेकडचा. त्याच्याबरोबर आमचा तोच जमादार, टोपी तेवढी नवी. कागद मात्र जुन्याच हातचा होता. सरकार बदललं तरी कारकून बदलत नाहीत. तेच वळण, तीच घाई, तेच खाल्लेले नुक्ते. यादीत आमच्या गावाचं एकच नाव होतं, आणि ते कुठलं हे कागद सांगत नव्हता. कदाचित जुनी यादी तशीच उतरवून घेतली असेल. कदाचित नवी असेल. मला आजवर कळलेलं नाही.

"कौन है?" हवालदारानं विचारलं.

चावडीभोवती माणसं जमली होती. सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या होत्या, बाबाभाईकडं. या वेळी सरकारला कोण हवं असणार, हे गावानं कागद न वाचताच ठरवलं होतं. नुक्ते नाहीत असं म्हणालो तर दोघं जातील, ही मागच्या वर्षीची आठवण माझ्या डोक्यात होती. मी स्वतःला सांगितलं की दोघांपेक्षा एक बरा. हे मी स्वतःला पुढं कितीतरी दिवस सांगत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. मला त्या नजरांची भीती वाटली. मी कानावरची पेन्सिल काढली, वाचताना ओळीवर बोट फिरवावं तशी फिरवली आणि नावाच्या खाली दोन टिंबं दिली.

"बाबा," मी म्हणालो.

बाबाभाई तिथंच उभा होता, पापण्यांवर कापूस घेऊन. त्याला उर्दू बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "मास्तर, नीट बघा की येकदा."

"बघितलं," मी म्हणालो.

नाना त्या वेळी रानात होता. संध्याकाळी तो शाळेत आला आणि जमिनीवर बसला. "कागद कसा हुता? गुदस्ताच्यावानीच?"

मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यानं चांगला घेतला, कागद तसाच होता, एवढाच. म्हणाला, "मंग त्यो माजा बी आसंल की. अर्ज लिव्हा. लिव्हा की ह्या नावाचा माणूस म्या बी असू शकतो, सरकारनं बघून सांगावं."

पारावर लोकांनी त्याला समजावलं. आता परकं राज्य राहिलं नाही. आपली माणसं आहेत वर. त्यांना काहीतरी माहीत असणार. आपल्याच सरकारला असं आडवं विचारायचं नसतं.

नाना उसळला. "आपलं हाय म्हणूनच इचारायचं! परक्याला कोण इचारतंय? त्याच्या दारात काय, लाथ बसायची. आपल्या घरात भाकरी करपली तर आपण बोलतो का न्हाय?"

अर्ज मी लिहिला. गावातून सरकारला गेलेला तो पहिला मराठी अर्ज. शब्द नानाचे, अक्षर माझं. एक-एक ओळ लिहिताना मला वाटत होतं, आता सांगावं, आता सांगावं. सांगितलं नाही. माझ्या नोकरीवर आई आणि दोन बहिणींचं पोट होतं, आणि सरकारी कागदात हात घातल्याची शिक्षा काय असते ते मला माहीत नव्हतं. बाबाभाईची बायको हुसेनबी रोज शाळेवरून पाण्याला जायची. ती काही विचारायची नाही. मी घागर दिसली की फळ्याकडं तोंड करायचो.

निजामाच्या काळात अर्ज म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. डुबुक झालं तरी नशीब. त्यामुळं तीन आठवड्यांनी खरोखरचं उत्तर आलं तेव्हा सबंध गाव नुसतं ते पाकीट बघायला आलं. आत ठेवलेल्या माणसांचे कागद तपासायला तिघांची समिती बसली आहे, असं त्यात होतं. अर्जदारानं धाराशिवला हजर राहावं. ज्यानं हुकूम वाचून दाखवला त्यानंही राहावं.

नानानं खळं तसंच सोडलं आणि बैल गाडीला जुंपले. ती वाट मी विसरलेलो नाही. दोन्ही बाजूंना निम्मी काढलेली रानं, पेंढ्यांच्या ओळी, कणसांचे ढीग. बैलांच्या पायाखालून उडणारी धूळ आणि तिच्यातून येणारा तो वास. लोक बांधावरून हात करून विचारत, "कुठं निगाला?" आणि नाना ओरडून सांगे, "सरकारला इचारायला!" जणू काही पाव्हण्याकडं निघाला होता. मी मागं गवतावर बसून माझ्या बडतर्फीचं पत्र मनात लिहीत होतो.

समिती एका लहानशा खोलीत बसली होती. मध्ये एक म्हातारे मुन्सफ, म्हणजे खालच्या कोर्टाचे न्यायाधीश, शेरवानीतले. माणूस जुन्या राज्यातच म्हातारा झालेला. मला तेव्हा वाटलं, हे काय करणार? पुष्कळ वर्षांनी कळलं की निजामाच्या राज्यातही ते असेच असतील. फक्त कागद मागायचा अधिकार त्यांना आत्ता मिळाला होता.

पोलीस अधिकारी तरुण होता, चुणचुणीत. म्हणाला, "साहेब, सुरक्षेची बाब आहे. मूळ हुकूम दाखवता येणार नाही."

"मलाही?" मुन्सफांनी विचारलं.

"कुणालाच."

"मग माणूस सोडा," मुन्सफ शांतपणे म्हणाले. "कागद तुमचा आहे, खुशाल जपून ठेवा. माणूस तुमचा नाही."

अधिकाऱ्यानं इकडंतिकडं बघितलं. त्याच्या वरचा कुणी त्या खोलीत नव्हता. मग कागद निघाला. मुन्सफ तो घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ उजेडात धरून बघत राहिले. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. बोटाला थुंकी लावून त्यांनी नावाखाली हलकेच घासलं आणि बोट आमच्याकडं वळवलं. बोटाला राखाडी रंग लागला होता.

"हुकूम शाईचा आहे," ते म्हणाले. "नुक्ते पेन्सिलीचे आहेत. हे कुणाचे?"

बाबाभाई भिंतीशी उभा होता. महिनाभरात त्याच्या पापण्या काळ्याभोर झाल्या होत्या. त्याला असं मी कधी बघितलंच नव्हतं.

"माझे," मी म्हणालो.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. नाना माझ्याकडं वळला. "म्हंजे? तुमी?" एवढंच म्हणाला.

"का टाकलेत?" मुन्सफांनी विचारलं.

"भीती वाटली."

"सरकारची?"

"नाही," मी म्हणालो. "गावाची."

त्यांनी बोट रुमालाला पुसलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

अधिकारी लगेच पुढं झाला. "साहेब, म्हणजे नाव नक्की नाही. मग चौकशी होईपर्यंत दोघांनाही ठेवणं सुरक्षित राहील." मला जमादाराची मिशी आठवली. इतका शिकलेला माणूस, आणि शेवटी त्याच जागी येऊन थांबला होता.

"उलट आहे," मुन्सफ म्हणाले. "नाव कुणाचं हे तुम्हाला सांगता येत नाही, म्हणून दोघांपैकी कुणालाही ठेवता येणार नाही. संशय आहे म्हणूनच सोडायचं." आणि त्यांनी बाजूच्या दोघांकडं बघितलं. त्यातल्या एकानं मान हलवली. दुसऱ्यानं नाही हलवली, पण दोन पुरे होते.

वाचनालयातल्या माझ्या मित्रांना मी काय सांगावं? लगाम लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मागच्या वर्षी ज्या संशयानं दोन माणसं आत नेली, तोच संशय या वर्षी त्यांच्यातल्या एकाला बाहेर घेऊन आला. पण तो आपोआप लागला असं मी म्हणणार नाही. नाना खळं सोडून निघाला नसता तर ती समिती तिच्या खोलीत बसून राहिली असती. मुन्सफ खिडकीशी गेले नसते तर माझी दोन टिंबं कायमची खरी झाली असती. आणि त्या दिवशी त्या खोलीच्या बाहेर बाकावर आणखी माणसं बसली होती. त्यांच्यातल्या किती जणांकडं नाना होता, मला माहीत नाही. पुढंही मी पेपरात, गावात, आसपास असे दिवस बघितले की जेव्हा कागद मागणारे गप्प बसले आणि टिंबं देणारे वाढले. तेही दिवस गेले. कुणीतरी अर्ज लिहिला म्हणून गेले, असं माझं मत आहे. त्याला पुरावा विचारू नका. राज्यघटना लागू झाली ती पुढच्याच सुगीत, आणि मी चौथीच्या पोरांना ती समजावून सांगताना सरकारला कुणाला तरी कागद दाखवावा लागतो, एवढंच नीट सांगू शकलो. बाकीचं मलाही नंतर हळूहळू समजलं.

नोकरी गेली नाही. एक लेखी ताकीद आली, की शाळेची पेन्सिल शाळेबाहेरच्या कामास वापरू नये. ती ताकीद मी अजून जपून ठेवली आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही तिघं. नाना पुढं, बैलांशीसुद्धा बोलत नव्हता. बाबाभाई मागच्या बाजूला पाय सोडून बसला होता आणि सबंध वाटभर निम्म्या काढलेल्या रानांकडं बघत होता. येरमाळा मागं पडल्यावर मी म्हणालो, "बाबाभाई, माझं चुकलं." त्यानं ऐकलं. ऐकल्याचं त्याच्या मानेवरून कळलं. गाव आलं, हुसेनबी दारात उभी होती, तो उतरला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडत होतो. बाबाभाई आला. त्यानं एका लहान मुलीचं बोट धरलं होतं. केसांना नुकतंच तेल लावलेलं, परकर कोरा, डोळे भेदरलेले. गावातली एकही मुलगी तोवर शाळेत येत नव्हती.

"ही जैतून," तो म्हणाला. "माजी धाकटी. हिचं नाव घाला शाळेत."

मी घाईनं हजेरीपट उघडला. मला वाटलं, यानं मला माफ केलं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण तो जरा थांबला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रजईला किती कापूस लागेल हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"चांगलं वाचाय शिकवा हिला, मास्तर. म्हंजे आमाला तुमच्यावर भरवसा ठेवाय लागायचा न्हाय."